काटा टोकाला टेकला तेव्हा: गोइयानिया, १९८७

रासायनिक, जैविक आणि किरणोत्सारी अशा तीन धोक्यांपैकी यंत्राला ओळखायला सगळ्यात सोपा धोका किरणोत्सर्गाचा. विषारी वायू ओळखायचा तर तो यंत्राच्या तोंडापर्यंत यावा लागतो. जिवाणूची खात्री करायची तर नमुना घ्या, तो प्रयोगशाळेत वाढवा, आणि त्यात एक-दोन दिवस सहज जातात. गॅमा किरणांचं तसं नाही. ते भिंती ओलांडून आपणहून यंत्राकडे येतात. बटण दाबलं की काही सेकंदांत आकडा समोर असतो.

तरीही ब्राझीलच्या गोइयानिया शहरात १९८७ साली एक प्रचंड ताकदीचा किरणोत्सारी स्रोत उघड्यावर आला आणि तो ओळखायला सोळा दिवस लागले. या सोळा दिवसांत कुठलंही यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते कुणी लावलंच नव्हतं, आणि लावलं तेव्हा त्याने दाखवलेल्या आकड्यावर लगेच विश्वास बसला नाही. आपत्कालीन पथकांच्या प्रशिक्षणात हे प्रकरण शिकवण्यासारखं आहे ते मुख्यतः या दोन गोष्टींसाठी.

स्रोत

गोइयानियातल्या एका खासगी किरणोपचार संस्थेने १९८५ च्या अखेरीस जागा बदलली. जाताना कोबाल्ट-६० चं उपचार यंत्र सोबत नेलं, सीझियम-१३७ चं जुनं यंत्र तिथेच राहिलं, आणि ज्या परवाना यंत्रणेला हे कळवायला हवं होतं तिला कळवलं गेलं नाही. पुढे ती इमारत अर्धवट पाडली गेली. १३ सप्टेंबर १९८७ च्या सुमारास दोघेजण आत शिरले आणि भंगारात चांगला भाव येईल म्हणून यंत्राचा जड भाग काढून घेऊन गेले. घरी त्यांनी तो खोलायचा प्रयत्न केला, धातूच्या कुपीला भोक पाडलं, आणि १८ सप्टेंबरला तो भंगारवाल्याला विकला.

कुपीत सुमारे ९३ ग्रॅम सीझियम क्लोराइड होतं. किरणोत्सार ५०.९ टेराबेकरेल (एक टेराबेकरेल म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी अणूंचं विघटन), म्हणजे उघड्या स्रोतापासून एक मीटरवर ताशी ४.५६ ग्रे एवढी मात्रा. ग्रे हे शरीराने शोषलेल्या किरणऊर्जेचं माप. उपचार न मिळाल्यास चार-पाच ग्रे एवढ्या मात्रेने निम्मी माणसं दगावू शकतात, हे लक्षात घेतलं की या आकड्याचा अर्थ कळतो. पण इथे ताकदीपेक्षाही घातक ठरलं ते पदार्थाचं रूप. कोबाल्टचे स्रोत धातूचे असतात. ते उघडे पडले तर जवळच्या माणसाला भाजून काढतात, पण सहसा जिथे असतात तिथेच राहतात. सीझियम क्लोराइड हे मीठ. भुकटी होऊन ते कपड्यांना चिकटतं, पाण्यात विरघळतं, घामात मिसळतं. शिवाय अंधारात ते निळसर चमकत होतं. भंगारवाल्याला ते मौल्यवान वाटलं, त्याने घरात आणलं, नातेवाईक आणि शेजारीपाजारी बघायला आले, तांदळाच्या दाण्याएवढे कण भेट म्हणून घेऊन गेले. काहींनी ती चमक अंगाला चोळली.

लक्षणं चुकीची दिशा दाखवत होती

यंत्र बाजूला काढणाऱ्या दोघांना पहिल्याच दिवशी उलट्या झाल्या. त्यांतल्या एकाला पुढे जुलाब, चक्कर आणि हाताला सूज. डॉक्टरांनी निदान केलं: खाण्यातून आलेली अ‍ॅलर्जी. भंगारवाल्याच्या पत्नीलाही काही दिवसांनी तसाच त्रास झाला आणि निदानही तसंच झालं. महिनाअखेरपर्यंत यांतले काही रुग्ण उष्णकटिबंधीय आजारांच्या रुग्णालयात दाखल होते. म्हणजे किरणोत्सारी अपघात जैविक आजार म्हणून नोंदवला जात होता.

यात डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे, पण मला ते न्याय्य वाटत नाही. तीव्र किरणबाधेची सुरुवात उलट्या, मळमळ आणि थकव्याने होते. मग काही दिवस माणसाला बरं वाटतं. खरी पडझड त्यानंतर सुरू होते. एकेकटा रुग्ण समोर आला तर विषबाधा किंवा संसर्ग हेच आधी सुचणार. दोन खुणा मात्र कुठल्याही संसर्गात बसणाऱ्या नव्हत्या. एक म्हणजे आगीशी वा रसायनाशी संबंध नसताना त्वचेवर उठलेले भाजल्यासारखे व्रण. दुसरी खूण रक्तात सापडली असती: मोठ्या मात्रेनंतर लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींची संख्या पहिल्या दोन दिवसांतच घसरू लागते. साधी रक्ततपासणी, थोड्या-थोड्या तासांनी पुन्हा केलेली, ही किरणबाधेची सगळ्यात स्वस्त चाचणी आहे. ती मागवायला आधी शंका मात्र यावी लागते.

शंका पहिल्यांदा आली ती भंगारवाल्याच्या पत्नीला. ती काही शिकलेली तज्ज्ञ नव्हती. ती वस्तू घरात आल्यापासून आसपासची माणसं एकेक करून आजारी पडताहेत, एवढं तिने जुळवलं. साथरोगतज्ज्ञ हेच करतात: आजारी कोण, त्यांच्यात समान काय, आणि ते केव्हापासून. २८ सप्टेंबरला तिने दुकानातल्या एका कामगाराला बरोबर घेतलं, स्रोताचे उरलेले अवशेष प्लास्टिकच्या पिशवीत भरले आणि बसने आरोग्य देखरेख कार्यालयात नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. हीच गोष्ट आमच्या घरच्यांना मारते आहे, असं तिचं म्हणणं होतं. कामगाराने पिशवी खांद्यावरून आणली होती. तिथे त्याला खोल जखम झाली. स्त्री पुढच्या महिन्यात दगावली. गोइयानियात धोका ओळखण्याच्या साखळीतली पहिली कडी तीच, आणि अहवालांतून तिला मिळायला हवं तेवढं श्रेय मिळत नाही.

डॉक्टरांनी पिशवी थोडा वेळ टेबलावरच राहू दिली. मग त्यांनाही ती बरी वाटेना, तेव्हा ती उचलून अंगणात भिंतीलगतच्या खुर्चीवर ठेवली. आत असलेल्यांचा धोका या एका कृतीने बराच कमी झाला. दरम्यान रुग्णालयातल्या एका डॉक्टरांना व्रण पाहून किरणोत्सर्गाची शंका आली होती. दोन्हीकडची शंका एकत्र आली आणि ठरलं की सुट्टीवर शहरात आलेल्या एका वैद्यकीय भौतिकतज्ज्ञाला बोलवायचं.

उसनं मापक

२९ तारखेच्या सकाळी या भौतिकतज्ज्ञाने सरकारी अणुइंधन कंपनीच्या स्थानिक कार्यालयातून एक मापक उसनं घेतलं. ते होतं भूगर्भशास्त्रज्ञांचं, युरेनियमचं खनिज शोधण्यासाठी वापरायचं. त्याची मोजपट्टी ताशी ०.०२ ते ३० मायक्रोग्रेपर्यंत (मायक्रोग्रे म्हणजे ग्रेचा दहा लाखावा भाग). सर्वसाधारण नैसर्गिक पार्श्वभूमी ताशी ०.१ मायक्रोग्रेच्या आसपास असते, म्हणजे खनिजामुळे पडणारा बारीकसा फरक टिपायला हे उत्तम साधन.

पिशवी असलेलं आरोग्य कार्यालय अजून बरंच लांब होतं तेव्हा त्याने मापक सुरू केलं आणि काटा थेट टोकाला गेला. मापक कुठल्याही दिशेला वळवलं तरी काटा हलेना. त्याला वाटलं यंत्र बिघडलं. तो परत गेला आणि दुसरं घेऊन आला. दुसरं त्याने निघतानाच सुरू केलं. तेही वाटेत तसंच टोकाला टेकलं. कार्यालयाशी पोचेपर्यंत त्याची खात्री पटली होती की यंत्रं दोन्ही ठीक आहेत.

आकडेमोड करून पाहिली तर यात नवल नाही. पिशवीतल्या अवशेषांत सुमारे ४.५ टेराबेकरेल शिल्लक असल्याचा अंदाज नंतर काढला गेला. त्यातून एक मीटरवर ताशी साधारण ०.४ सिव्हर्ट मिळते (गॅमा किरणांच्या बाबतीत एक सिव्हर्ट म्हणजे साधारण एक ग्रेच). अंतर दुप्पट झालं की मात्रा चौथाई होते. या हिशेबाने मधे आडोसा नसेल तर ती ताशी ३० मायक्रोग्रेपर्यंत उतरायला शंभर मीटरहून जास्त अंतर लागतं. त्या आतल्या कुठल्याही जागी हे मापक टोकालाच असणार होतं. सोनाराच्या तराजूत मालट्रक ठेवल्यासारखा हा प्रकार: तराजू खोटा बोलत नाही, पण किती ते सांगायला त्याच्याकडे जागा नाही.

इथे पथकांसाठी दोन गोष्टी आहेत. टोकाला टेकलेला काटा हे सुद्धा मोजमाप आहे. त्याचा अर्थ ‘किमान एवढं’ असा घ्यायचा, जिथे आहोत तिथून मागे यायचं आणि मोठ्या पट्टीचं यंत्र मागवायचं. दुसरी गोष्ट अधिक वाईट. काही साधी गायगर मापकं (नळीत एकेका किरणाचा ठोका मोजणारी) खूप तीव्र किरणोत्सर्गात टोकाला न जाता उलट खाली येतात, कधी शून्यही दाखवतात, कारण एक ठोका मोजून नळी सावरण्याआधीच पुढचे हजारो ठोके येऊन आदळलेले असतात. म्हणून यंत्र लांबूनच सुरू करून आकडा चढताना बघत जायचं असतं. स्रोताजवळ जाऊन बटण दाबणाऱ्याला शून्य दिसलं तर तो निर्धास्त होईल. आपल्या भौतिकतज्ज्ञाने दुसऱ्या खेपेला मापक निघतानाच सुरू केलं, हे त्याने सगळ्यात बरोबर केलेलं काम.

तो यंत्र बदलायला गेला होता तेवढ्यात काळजीत पडलेल्या डॉक्टरांनी अग्निशमन दलाला बोलावलं होतं. दलाचा बेत होता, पिशवी उचलायची आणि नदीत फेकून द्यायची. पाण्यात विरघळणारं मीठ, नदीत. भौतिकतज्ज्ञ पोचला तो नेमका त्यांना थांबवण्यापुरता वेळेवर.

अग्निशमन दलावर यात हसू नये. धोकादायक वस्तू माणसांपासून लांब न्यायची हा त्यांचा शिकलेला आडाखा, आणि स्फोटक असेल तर तो चुकीचाही नाही. पदार्थ कोणता हे कळण्याआधी कृती केली की बरोबर आडाखा चुकीच्या जागी लागू होतो.

याउलट उदाहरण आठ वर्षांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत घडलं. २० मार्च १९९५ ला तिथे सरीन वायूचा हल्ला झाला तेव्हा अग्निशमन दलाने यंत्राने तपासून अ‍ॅसिटोनायट्राइल सापडल्याचं सांगितलं. ते चूक नव्हतं. द्रावक म्हणून ते त्या मिश्रणात खरोखरच होतं. पण माणसं मरत होती ती सरीनने, आणि त्याचं नाव पोलिसांकडून जाहीर व्हायला सुमारे तीन तास गेले. तोवर रुग्णालयात डॉक्टरांना टाचणीच्या टोकाएवढ्या आकसलेल्या डोळ्यांच्या बाहुल्या दिसत होत्या, आणि त्या यंत्रापेक्षा जास्त बोलत होत्या. रासायनिक पथकं एकाच यंत्रावर न थांबता वेगळ्या तत्त्वावर चालणारी दोन-तीन साधनं वापरतात: रंग बदलणारा कागद, आयनांचा वेग मोजणारं यंत्र, वर्णपटमापक. आणि शेजारी रुग्णाची लक्षणं ठेवून बघतात. किरणोत्सर्गात चुकीचा पदार्थ दिसण्याची भीती कमी. प्रत्येक समस्थानिकाच्या (मूलद्रव्याच्या ठरावीक वजनाच्या प्रकाराच्या) गॅमा किरणांची ऊर्जा ठरलेली असते, सीझियम-१३७ ची ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि वर्णपट घेतला की नाव कळतं. तिथे अडचण असते ती पट्टीची आणि माणसाच्या विश्वासाची.

स्टेडियम

दुपारपर्यंत भंगाराच्या दुकानातही तीच मापकं टोकाला टेकली. रहिवाशांना हलवायचं होतं, पण आधी अधिकाऱ्यांना पटवायचं होतं. राज्याच्या आरोग्य सचिवांपर्यंत पोचायला भौतिकतज्ज्ञाला हट्ट धरावा लागला. एवढं मोठं काही घडलं असेल यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. दुपारी तीनच्या सुमारास रिओ द जानेरोला राष्ट्रीय अणुऊर्जा आयोगाला फोन गेला आणि आयोगाचे आपत्कालीन समन्वयक मध्यरात्रीनंतर पोचले. तोवर शहराच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर लोकांना जमवायला सुरुवात झाली होती.

स्टेडियमची निवड हुशारीची होती. माणसांवरचं दूषण मोजायचं तर आजूबाजूची पार्श्वभूमी कमी हवी आणि रांगेतल्या शेजाऱ्याच्या अंगावरची धूळ आपल्या मापकाला लागायला नको. मोकळं मैदान दोन्हीला चांगलं. इथे एक फरक ध्यानात ठेवावा लागतो, तो बऱ्याच बातम्यांत पुसला जातो. बाहेरून गॅमा किरण लागलेला माणूस स्वतः किरणोत्सारी होत नाही. यंत्र त्याच्यावर काही दाखवणार नाही, मग त्याला कितीही मात्रा मिळालेली असो. अंगावर किंवा पोटात भुकटी असलेला माणूस मात्र यंत्रावर दिसतो. म्हणून स्टेडियमवरच्या मोजणीने दूषित कोण हे कळत होतं, बाधित किती हे नाही.

पुढच्या आठवड्यांत सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी झाली. त्यांतले २४९ दूषित निघाले. यांतल्या १२० जणांच्या फक्त कपड्यांना आणि चपला-बुटांना सीझियम लागलं होतं. १२९ जणांच्या अंगावर आणि शरीरातही. पहिल्या साठेक हजार लोकांपैकी सुमारे ५,००० जण पुरळ, उलट्या, जुलाब घेऊन आले होते आणि त्यांच्यात दूषण सापडलं नाही. भीतीने शरीर तीच लक्षणं दाखवत होतं. आधीचे दोन आठवडे लक्षणांनी किरणोत्सर्ग लपवला होता, आता ती नसलेला किरणोत्सर्ग दाखवत होती. दोन्ही वेळा निवाडा फक्त यंत्र करू शकलं.

धुऊन स्वच्छ केलेली काही माणसं पुन्हा मोजल्यावर पुन्हा दूषित दिसत. आधी वाटलं धुण्यात कसूर झाली. पण पोटात गेलेलं सीझियम घामावाटे त्वचेवर येत होतं. स्वच्छ केल्यानंतर पुन्हा मोजा, आणि काही तासांनी आणखी एकदा, हा नियम पाळला म्हणूनच ते उमगलं.

शहराचा नकाशा

अंगणातल्या पिशवीचा बंदोबस्त साधा आणि नामी होता. क्रेनने सांडपाण्याच्या काँक्रीट पाइपाचा तुकडा भिंतीवरून आत उतरवला, खुर्चीसकट पिशवीवर बसवला आणि त्यात काँक्रीट ओतलं. जवळ जायची वेळच आली नाही.

पसरलेल्या भुकटीचं काम अवघड होतं. पथकांनी रुग्णांना विचारत विचारत माग काढला: वस्तू कुणाकडे गेली, कुणी कण नेले, कोण कुणाच्या घरी राहिलं. यातून सात मुख्य ठिकाणं सापडली, आणि काही जागी एक मीटर उंचीवर ताशी २ सिव्हर्टपर्यंत मात्रा होती. काम करणाऱ्यांसाठी दिवसाची मर्यादा १.५ मिलिसिव्हर्ट ठरवली होती. ताशी दोन सिव्हर्टच्या जागी ती मर्यादा तीन सेकंदांच्या आत संपते. अशा ठिकाणी मोजायचंही दुरून, लांब दांड्याच्या टोकाला शोधक लावून, आणि माणसं आलटून-पालटून.

चौकशीतून न सुटलेलं काही राहिलं का हे बघायला हेलिकॉप्टरमधून दोन दिवस सर्वेक्षण केलं, ६७ चौरस किलोमीटर शहरी भागावर. एक सुटलेली जागा सापडली: एक मीटरवर ताशी २१ मिलिसिव्हर्ट. वरून लहान डाग दिसत नाहीत, म्हणून गाड्यांवर शोधक बसवून रस्ते पालथे घातले. २,००० किलोमीटरहून जास्त, शहराच्या रस्त्यांपैकी ८० टक्के. गाडीला रस्ता सोडून जाता येत नाही, हेलिकॉप्टरला बारीक दिसत नाही, आणि माणसाला सगळीकडे पोचता येत नाही. तिन्हींच्या फटी एकमेकांवर बसत नव्हत्या, म्हणून पद्धत चालली. बँकांतल्या नोटाही तपासल्या: सुमारे एक कोटी नोटांतून ६८ दूषित निघाल्या. भंगाराचा व्यवहार रोखीचा. पैशाच्या मागे सीझियम गेलं असणार, हे ज्याला सुचलं त्याने या प्रकरणातला बहुधा सगळ्यात चतुर प्रश्न विचारला.

८५ घरांत लक्षणीय दूषण आढळलं, ४१ घरांतून सुमारे २०० लोक हलवले, ७ घरं पाडावी लागली. सप्टेंबरच्या अखेरीस जोराचा पाऊस पडून गेला होता, त्याने भुकटी आणखी पसरवली होती. त्याच हवेत हातातली मापकंही कुरकुरत होती: उकाडा, दमटपणा, दिवसभर हाताळणी. प्रयोगशाळेच्या टेबलावर उत्तम चालणारं यंत्र चिखलात चालेल असं गृहीत धरता येत नाही, हे पथकांना जागेवरच कळलं.

शरीराच्या आत

मात्रा किती मिळाली याचं उत्तर कुठल्याच हातमापकाकडे नव्हतं. ते रक्तातून काढलं गेलं. लिम्फोसाइट पेशी वाढवून त्यांच्या गुणसूत्रांत किरणांमुळे झालेल्या विकृती, विशेषतः दोन मध्यबिंदूंची गुणसूत्रं, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. त्यांच्या प्रमाणावरून संपूर्ण शरीराला मिळालेली मात्रा ठरते. पोटात गेलेल्या सीझियमसाठी ८० जणांचे लघवी आणि शौचाचे ४,००० हून अधिक नमुने तपासले. संपूर्ण शरीर मोजायचं यंत्र गोइयानियात नव्हतं, तेव्हा सोडियम आयोडाइडचा २० सेंटिमीटर व्यासाचा स्फटिक आणि एक खुर्ची घेऊन ते तिथेच उभं केलं. प्रशियन ब्लू ४६ जणांना दिलं. हे रंगद्रव्य आतड्यात सीझियमला धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर काढतं. औषध लागू पडतंय का हे त्याच मोजणीवरून कळत होतं, आणि त्यावरून डोस ठरत होता.

रुग्णालयात उपचारांची गरज वीस जणांना होती. चार जण दगावले. त्यांची मात्रा साडेचार ते सहा ग्रेच्या दरम्यान निघाली.

साफसफाईतून ३,५०० घनमीटर कचरा जमा झाला. माती, घरांचे अवशेष, माणसं आणि अंगणातला काँक्रीटचा ठोकळा धरून पथकांनी ५०.९ पैकी सुमारे ४४ टेराबेकरेलचा हिशेब लावला. उरलेला आकडा अंदाजातल्या चुकीचा किती आणि पावसाने वाहून नेलेल्या सीझियमचा किती, हे त्या मोजणीतून वेगळं काढता येत नाही.